बॉल इज इन युवर कोर्ट

परताव्यासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं : ‘सोबतचा फॉर्म भरून पाठवा. द बॉल इज इन युवर कोर्ट.’ सोबत फॉर्म नव्हता. सोबत काहीच नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतले काका (माझा मोबाइल ते माझ्याआधी वाचतात) दचकलेच.

“कोर्टात गेलं प्रकरण? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हो!”

“टेनिसचं कोर्ट, काका.”

“जागेचा वाद म्हणजे. दिवाणी. वर्षानुवर्षं चालतं. वकील दिलात?”

“अहो, म्हणायची पद्धत आहे. आम्ही आमचं केलं, आता काय ते तुम्ही ठरवा, एवढाच अर्थ.”

“मग त्यांनी काय केलं?”

“काही नाही.”

“तसं लेखी घ्या. आणि तारीख पडली की कळवा, साक्षीला येतो मी.”

काकांचं कायद्याचं ज्ञान राहू द्या, पण तो मधला प्रश्न बिनतोड होता. चेंडू समोरच्याच्या कोर्टात आहे असं म्हणायचा हक्क त्यालाच, ज्याने तो जाळीपलीकडे मारलाय. तुम्ही दर कळवलात, मसुदा धाडलात, भेटीच्या दोन तारखा सुचवल्यात आणि आता फक्त समोरच्याच्या होकार-नकाराचं अडलंय, अशा वेळी हे वाक्य बरोबर बसतं. नुसतं काम अंगावरून झटकायचं असेल तर त्यासाठी इंग्रजांकडे ‘पासिंग द बक’ आहे, आपल्याकडे टोलवाटोलवी. शिवाय या वाक्यात ‘बघू आता काय करता’ असा थोडा खवचट सूर असतो. वाटाघाटीत तो खपतो. स्वतःचेच पैसे परत मागणाऱ्याला तो ऐकवू नये. (‘इन’ऐवजी ‘ऑन’ लिहिणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

टेनिसमध्ये निदान नियम तरी आहेत. समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली आणि त्याने ती परतवायचा प्रयत्नही केला नाही, तर ती धरत नाहीत, पुन्हा करावी लागते. पहिली सर्व्हिस जाळीत अडकली तर दुसरी संधी मिळते. तीही चुकली की डबल फॉल्ट, पॉइंट समोरच्याला.

फॉर्म नाही असं कळवलं. मग फॉर्म आला, तो भलत्याच माणसाच्या नावाने भरलेला. तेही कळवलं. त्यावर आजचं उत्तर : ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सर्व्हिस त्यांची दोनदा चुकली आणि पॉइंट गेला माझा.