संकासूर, गीगर आणि कपाटामागचं चित्र

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय आणि तो माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. माझी भाची, दादाची मुलगी, पुण्यात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं वार्षिक प्रदर्शनात एक चित्र लावलं. बाळंतिणीची खाट, पण खाट कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते ते कळत नाही, बरगड्यांतून पाइप गेलेत, नाळेच्या जागी सलाइनची नळी. सगळं पेन्सिल आणि शाईत, आणि काय हात आहे पोरीचा! उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना ते बघवलं नाही म्हणे, दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र भिंतीवर नव्हतं.

ग्रुपवर काकांनी लिहिलं, ही विकृती आहे, मुलीला डॉक्टरला दाखवा. मावशीनं विचारलं, असल्या चित्रांवर पोट भरतं का. आणि आत्तेभावानं लिहिलं की हे सगळं तिकडचं खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असलं काही नाही, आणि मग मलाच टॅग केलं, तू तिकडेच राहतेस, तूच समजाव तिला.

तिकडे म्हणजे इथे, स्वित्झर्लंडमध्ये. आणि भाचीच्या टेबलासमोर ज्याच्या चित्रांचे प्रिंट चिकटवलेत तो चित्रकार हान्स रुडोल्फ गीगर इथलाच. १९४० साली कूर नावाच्या गावात जन्मला, वडील फार्मसिस्ट. त्या वडलांचं म्हणणं काय होतं माहितीय मावशी? चित्रकला म्हणजे बिनभाकरीचा धंदा, पोरानं फार्मसीच करावी. अगदी तुझंच वाक्य, फक्त जर्मनमध्ये. तेव्हा इकडची माणसं उदार आणि आपली कोती, असं मी म्हणत नाहीये. पण पोरगं १९६२ मध्ये झ्युरिकला आलं, आर्किटेक्चर आणि इंडस्ट्रियल डिझाइन शिकलं, आणि हे शिक्षण त्याच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसतं. त्याची हाडं कशीही वाकडी वाढलेली नसतात, ती एकमेकांत बसवलेली असतात, नटबोल्टसारखी.

काकांसाठी मुद्दाम लिहिते. गीगरला लहानपणापासून भयंकर स्वप्नं पडायची. कूरच्या म्युझियमच्या तळघरात एक इजिप्शियन ममी होती, तिला बघून तो घाबरला आणि मग तिलाच बघायला पुन्हापुन्हा जायला लागला. मोठेपणी तो ती स्वप्नं लिहून ठेवायचा आणि एअरब्रशनं कॅनव्हासवर उतरवायचा. १९७५ मध्ये त्याच्याबरोबर राहणाऱ्या ली टोब्लर या अभिनेत्रीनं आत्महत्या केली, त्या काळातला अंधारही त्या चित्रांत आहे. काका, रंगवून तो आजारी पडला नाही. रंगवायचा म्हणून उभा राहिला, असं मला मनापासून वाटतं.

पोट भरण्याचं म्हणाल तर, त्याच्या १९७६ च्या एका चित्रातून 'एलियन' सिनेमातला प्राणी आला. त्या सिनेमाचा दिग्दर्शक रिडली स्कॉट, त्यानं गीगरच्या चित्रांचं पुस्तक पाहिलं आणि हाच माणूस पाहिजे म्हणाला. १९७८ मध्ये गीगर इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत बसून खरी हाडं, सापाचे मणके, रोल्स रॉइसच्या कूलिंगच्या नळ्या आणि प्लॅस्टिसिन, म्हणजे मूर्ती घडवायची मऊ माती, जोडत होता. त्या प्राण्याचे डोळे त्यानंच काढून टाकले, कारण डोळे नसले की तो कुठे बघतोय ते कळत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. १९८० मध्ये त्या टीमला ऑस्कर मिळालं. आज गेम असो, टॅटू असो, मेटल बँडचं कव्हर असो, हाड आणि मशीन एकत्र दिसलं की ते कुठून आलं ते सांगावं लागत नाही. त्यानं खुर्च्या केल्या, माइकचा स्टँड केला, आख्खे बार डिझाइन केले. डिझायनरच होता तो, अप्लाइड आर्टवाला. भाचीच्याच धंद्यातला.

आणि आपल्या संस्कृतीत असलं नाही हे वाक्य तर मला फार लागलं, कारण आत्तेभावा, तू आणि मी एकाच अंगणात माडाच्या आड लपलोय. शिमग्यात नमन-खेळे वाडीत यायचे आणि संकासूर यायचा, काळे कपडे, उंच टोपी, चेहरा काळ्या कापडात झाकलेला, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. त्याचेही डोळे दिसायचे नाहीत. आतला माणूस रोज आपल्या गोठ्यात येणारा, आपल्याला ओळखीचा, हे माहीत असूनही माझी गाळण उडायची आणि तरी मी घुंगरं वाजली की पडवीत यायचेच. देवळात नरसिंह हिरण्यकश्यपूचं पोट फाडतोय, आतडी गळ्यात आहेत, आणि आपण त्याला हात जोडून नारळ ठेवतो. देवळात असलं की संस्कृती, मुलीनं कागदावर काढलं की विकृती, हे मला खरंच कळत नाही.

खटल्यांचंही सांगते. १९५४ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींची दोन चित्रं पोलिसांना अश्लील वाटली, ती भिंतीवरून उतरवायला पदमसी तयार झाले नाहीत, त्यांना अटक झाली, ते कोर्टात लढले आणि जिंकले. आणि १९८७ मध्ये, ज्या अमेरिकेत सगळं चालतं असं आपल्याला वाटतं तिथे, गीगरचं एक चित्र पोस्टर म्हणून रेकॉर्डसोबत दिलं म्हणून डेड केनेडीज या पंक बँडच्या गायकावर लॉस एंजेलिसमध्ये खटला झाला, ज्यूरीचं एकमत होईना म्हणून तो तिथेच संपला. तेव्हा तिकडचं खूळ वगैरे काही नसतं. घाबरणारी माणसं सगळीकडे सारखीच घाबरतात. फरक एवढाच की पदमसींच्या वेळी चित्र उतरवा म्हणायला पोलिसांना यावं तरी लागलं होतं, माझ्या भाचीचं चित्र भिंतीवरून कुणी उतरवलं ते कुणी सांगायलाही तयार नाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. चौदा वर्षं झाली मला विंटरथूरला येऊन, सी परमिट, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे, वॉशकुखेची, म्हणजे बिल्डिंगच्या सामायिक कपडे धुवायच्या खोलीची, चावी शेजारणीला वेळेवर देते, इथल्या लोकांना मी इथलीच वाटायला लागलेय असं अधूनमधून वाटतं. घरून कुणी आलं की टिटलिस, र्‍हाइनचा धबधबा आणि ग्रुयेर ठरलेलं. ग्रुयेरला चीजची फॅक्टरी बघायची, वर गावात फोंड्यू खायचं, मग किल्ला. त्या किल्ल्याच्या वाटेवरच शातो सँ जेर्मँमध्ये गीगरचं म्युझियम आहे, १९९८ पासून. सरकारनं नाही दिलेलं, त्यानं स्वतः ती वास्तू विकत घेतली. दारातच त्याचं बर्थ मशीन उभं आहे, उभं कापलेलं पिस्तूल आणि गोळ्यांच्या जागी हातात बंदुका घेतलेली बाळं. काका, तुम्ही आणि काकू आलात तेव्हा आपण तिथून गेलो. मी तुम्हाला उजवीकडचे डोंगर दाखवत होते. मुद्दाम. सासूसासऱ्यांच्या वेळी तेच, मावशीच्या वेळी तेच. मला लाज वाटायची, तुम्ही म्हणाल कुठे राहते ही.

आणि गीगर मे २०१४ पर्यंत जिवंत होता, झ्युरिकमधल्या ओर्लिकॉनला राहायचा, घराच्या बागेत छोटी आगगाडी चालवायचा. मी रोज ओर्लिकॉनला गाडी बदलायचे. दोन वर्षं. मला त्याचं नावही माहीत नव्हतं, ते मला पुण्याहून एका सतरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं. इथे राहून मला इथलं कळलं नाही आणि घरच्या भांडणात मी तीन आठवडे गप्प बसले, कारण मला वाटलं बाहेरून बोलणाऱ्याचं कोण ऐकतंय, सगळे म्हणतील तुला काय, तू तिकडे सुखात. भाचीनं मात्र परवा सरळ विचारलं, आत्या, तू एकदाही काही का नाही लिहिलंस गं? मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून गेल्या रविवारी एकटीच गेले. सकाळची गाडी, बर्नला बदलून. पहिल्यांदा आत गेले, दोन तास होते. नंतर समोरच्या बारमध्ये बसले, तिथलं छत म्हणजे पाठीच्या कण्यांच्या कमानी, मोठ्या जनावराच्या पोटात बसल्यासारखं, आणि शेजारच्या टेबलावर एक आजी आपल्या नातवाला मेरिंग आणि डबल क्रीम भरवत होती. मी भाचीला व्हिडिओ कॉल लावला. फोन वर धरून छत दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आत्या, आपल्या खळ्यातली जुनी होडी उलटी घालून ठेवायचे ना, तिच्याखाली आम्ही लपायचो, तसंच दिसतंय. चौदा वर्षांत त्या होडीची मला एकदाही आठवण आली नव्हती. मी त्या बारमध्ये रडले, आणि मला काय होतंय ते तिथल्या कुणाला सांगता आलं नसतं, कुठल्याच भाषेत.

गीगरला पुरलंय ग्रुयेरलाच. त्याच्या जन्मगावच्या कलासंग्रहालयानं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २००७ मध्ये, तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. भाचीला एवढं थांबायला लागू नये.

हे सगळं मी आता ग्रुपवर टाकतेय. काका, रागावलात तर फोन करा, मी उचलेन. आणि दादा, वहिनी म्हणाली की तू ते चित्र पुण्याहून आणून माजघरातल्या कपाटामागे ठेवलंयस. तिथून काढ. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.