दोन थेंब सोल्डर

जुन्या रेडिओच्या स्पीकरची एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. दोन थेंब सोल्डरचं, म्हणजे वायर जोडायला वितळवून लावतात त्या धातूचं, काम.

ड्रॉवरमधे पाइपाच्या कामातून उरलेलं एक जाडजूड सोल्डर होतं, म्हटलं सोल्डर ते सोल्डर, दिलं लावून, आणि जॉइंट काय चकाकला म्हणता! काही आठवड्यांनी रेडिओ मुका. उघडून बघतो तर वायरीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. पाइपाच्या त्या सोल्डरमधे अ‍ॅसिड फ्लक्स असतो (फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून धातू साफ करणारा पदार्थ), तो तांबं खातो, इलेक्ट्रॉनिक्सला राळेचा म्हणजे रोझिनचा फ्लक्स लागतो, हे मला रेडिओनं जीव देऊन शिकवलं.

मग मी शहाणा झालो. शिसं विषारी, म्हणून लेड-फ्री आणलं. ते वितळायलाच २१७ डिग्रीच्या पुढे लागतं आणि माझी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची, म्हातारी, त्यामुळे सोल्डर पसरायचं सोडून गोळी होऊन टोकावर बसलं रुसून. मी पण हट्टाला पेटलो, दाबून धरली आयर्न, तर सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उचलून हातात आला.

तोवर वाचनही वाढलं होतं. कळलं की धूर शिशाचा नसतोच, फ्लक्सचा असतो (तोही नाकात घ्यायचा नाही, खिडकी उघडा), शिसं पोटात जातं ते हाताला लागून, म्हणून काम झालं की हात धुवायचे. हे मी बायकोला मोठ्या रुबाबात समजावत होतो तर ती शांतपणे म्हणाली, "मग ते दातात का धरलंयस?" आता एका हातात आयर्न, दुसऱ्यात वायर, तिसरा हात आणू कुठून! बरं, दातात होतं ते नवं शिशाचं रीळ होतं, कारण लेड-फ्रीपुढे मी केव्हाच हात टेकले होते.

आता त्यातही ६०/४० की ६३/३७? पहिला आकडा कथिलाचा, दुसरा शिशाचा. मी म्हणायचो तीन टक्क्यांनी काय आभाळ कोसळतंय. पण ६३/३७ बरोबर १८३ डिग्रीला वितळतं आणि तिथेच झटकन गोठतं, ६०/४० मधे काही डिग्री लगदा होऊन रेंगाळतं, आणि तेवढ्यात हात हलला की जॉइंट खडबडीत, कच्चा. आणि माझा हात नेमका तेव्हाच हलतो, श्वास रोखून धरला की तर जास्तच.

शेवटी ६३/३७, ०.८ एमएम, रोझिनवालं. दोन सेकंदात जॉइंट झाला, गुळगुळीत, आरशासारखा. रेडिओ चालू.

फक्त रीळ १०० ग्रॅमचं आहे आणि संपलेत दोन थेंब. तेव्हापासून मी घरभर कुठली वायर हलतेय का बघत फिरतोय आणि बायकोनं तिचे हेडफोन कुठेतरी लपवून ठेवलेत.