पगार वाढला का त्याचा?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलचक होणार, ज्यांना बास्केटबॉलमध्ये इंटरेस्ट नाही त्यांनी सरळ खाली स्क्रोल करा, राग नाही.

एप्रिल आला म्हणजे पोर्टलचा सीझन आला. पोर्टल म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचं ट्रान्सफर पोर्टल, त्यात पोरांनी नाव टाकायचं की मी या कॉलेजातून निघतोय, कोणाला हवा असेन तर बोला. तर आमच्या मॅचवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज कोणीतरी बातमी टाकली की एक पोरगा ज्यांच्याशी त्याच्या कॉलेजचं पिढ्यान् पिढ्या वैर त्याच कॉलेजात चाललाय. झालं. पाच मिनिटांत सापांच्या इमोजींची रांग लागली, आणि आमच्या एका मित्राने (नाव घेत नाही, तो हे वाचणारच आहे) लिहिलं, "गद्दार. खोके घेतले साल्याने."

हाच मित्र! गेल्या महिन्यात लिंक्डइनवर याची पोस्ट होती, थ्रिल्ड टू शेअर वगैरे. आधीच्या कंपनीच्या थेट कॉम्पिटिटरकडे गेलाय, क्लायंट तेच, काम तेच, पार्किंग लॉट तेवढा बदलला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण, "अभिनंदन मित्रा, पार्टी कधी?" तेव्हा साप नाही पाठवला कोणी.

मला एकदम अण्णा (माझे वडील) आठवले. म्हणजे अण्णा मजेत आहेत, कराडला आहेत, पण ती 18 जानेवारी 2025 ची मॅच आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बायकोने इथल्या न्यू जर्सीतल्या सीटन हॉल कॉलेजातून संध्याकाळचं एमबीए केलं तेव्हापासून आमचं घर सीटन हॉलवालं. मी तिथे एक दिवस शिकलेलो नाही, पण ओरडायला डिग्री लागत नाही. त्या हिवाळ्यात अण्णा आले होते, वय 76, कानटोपी, दोन स्वेटर, त्यावर माझं जुनं जॅकेट. त्यांना घेऊन एडिसनहून ट्रेनने न्यूअर्क पेन स्टेशन आणि तिथून चालत प्रुडेन्शियल सेंटर, आमच्या मॅचचं स्टेडियम. लाह्यांचा टब घेतला, त्यांनी मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला आणि म्हणाले, "हजार रुपयांच्या लाह्या? मग शेवटपर्यंत बसायला लागणार."

समोर न्यूयॉर्कचं सेंट जॉन्स कॉलेज, आणि त्यांच्याकडून खेळत होता केडरी रिचमंड.

आता हा ब्रुकलिनचा पोरगा एक वर्ष सिराक्यूजला खेळून आमच्याकडे आला आणि तीन सीझन खेळला. 2024 मध्ये एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची संघटना) मोठ्या स्पर्धेत आम्हाला घेतलंच नाही (त्याबद्दल वेगळी पोस्ट होईल, अजून खदखदतंय), मग आम्ही एनआयटीत, म्हणजे राहिलेल्यांच्या स्पर्धेत, उतरलो, फायनलला इंडियाना स्टेटला 79-77 हरवून कप आणला, आणि या सगळ्याचा कणा केडरी. मी घरात उड्या मारल्या, खालच्या फ्लॅटवाल्याने काठीने छत ठोकलं. आणि मग त्याच वसंतात बातमी, केडरी निघाला. कुठे? लांब गेला असता तर रडून गप्प बसलो असतो. हा गेला नदीपलीकडे, त्याच बिग ईस्ट लीगमध्ये, कोच रिक पिटिनोच्या सेंट जॉन्सला.

म्हणून त्या शनिवारी त्याच्या हातात बॉल आला की आख्खं स्टेडियम बूऽऽऽ. मी पण, उभा राहून, तोंडाभोवती हातांचा भोंगा करून. अण्णांना आधी वाटलं काहीतरी बिघाड झालाय, आमच्याकडे टॉकीजमध्ये रीळ तुटलं की लोक ओरडायचे तसं. मग त्यांच्या लक्षात आलं की एकाच पोराला ओरडतायत. माझी बाही ओढली.

"काय केलं रे त्या पोराने?"
"आपल्याकडे होता अण्णा, त्यांच्याकडे गेला."
"करार मोडून?"
"नाही, तसं काही नसतं इथे."
"पगार वाढला का त्याचा?"
"असं म्हणतात."
"मग?"

एवढंच. मग. आणि परत लाह्या खायला लागले.

मला काही सुचलं नाही. म्हटलं तुम्हाला नाही कळणार, इथलं वेगळं असतं. खरं तर तो पैशासाठी गेला की पिटिनोकडे शिकायला गेला हे त्याचं त्याला ठाऊक, मी कोण सांगणार. पण वेगळं काय असतं हे मलाही सांगता आलं नसतं.

जरा जुने नियम बघा म्हणजे कळेल. पूर्वी या पोरांनी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसायचं, मॅच खेळायची नाही, ही शिक्षा. आणि 2018 पर्यंत तर कॉलेज सरळ म्हणू शकायचं की अमक्या तमक्या कॉलेजांशी तू बोलायचंच नाहीस, तिथे गेलास तर स्कॉलरशिप नाही. त्या यादीत कोण असणार, शत्रूच ना! कोच मात्र मोकळा, आज इथे रडत भाषण, उद्या तिथे नवीन टोपी घालून फोटो. 2021 मध्ये बाकावर न बसता एकदा कॉलेज बदलायला परवानगी दिली, त्याच जुलैपासून स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरे करून) चार पैसे कमवायची मुभा मिळाली, मग कोर्टकचेऱ्या होऊन 2024 पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा जा. आणि 2025-26 पासून कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साधारण 20.5 मिलियन डॉलरपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं टीव्हीचे पैसे, तिकिटांचे पैसे, माझ्या लाह्यांचे पैसे सगळ्यांना मिळत होते, फक्त पळणाऱ्या पोराला नाही.

हे वाचून कोणाला काही आठवतंय का? मला आठवतंय. बाँड.

2003, पुणे, माझी पहिली नोकरी. दोन वर्षांचा बाँड, पन्नास हजारांचा, आणि ओरिजिनल मार्कशीटा कंपनीच्या कपाटात. सव्वा वर्षात रस्त्यापलीकडच्या कंपनीने चार हजार जास्त देऊ केले, तेव्हाचे चार हजार. हे लोक म्हणाले बाँडचे पैसे भर, नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसर आणि मार्कशीटा पण. मी रात्री एसटीडीवरून घरी फोन केला, रडलोच असेन. तिसऱ्या दिवशी अण्णा एसटीने आले, एफडी मोडून, पैसे बनियनच्या चोरखिशात. मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो आम्ही दोघं. तो माणूस अण्णांसमोर म्हणाला, "आम्ही घडवायचं आणि यांनी आमच्याच शत्रूकडे जायचं. नमकहराम म्हणतात याला काका." माझे कान तापले. अण्णा काही बोलले नाहीत. नोटा दोनदा मोजल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "पावती द्या."

तर न्यूअर्कमध्ये "मग?" विचारणारा माणूस हा आहे. त्याला नाही कळणार म्हणे. सगळ्यात जास्त त्यालाच कळलं होतं, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून त्या मॅनेजरच्या आवाजात ओरडत होतो.

आणि आपण, इथे एच-वन व्हिसावर नोकऱ्या करणारे! आपला तर फॉर्मच ट्रान्सफरचा. "एच-वन ट्रान्सफर झालं का?" हा प्रश्न आपण एकमेकांना जेवलास का विचारावं तसा विचारतो. मी स्वतः चार वेळा केलंय, एकदा तर क्लायंट साइटवर एका शुक्रवारी एका कंपनीचा बिल्ला आणि सोमवारी दुसऱ्या कंपनीचा, खुर्ची तीच. हंटर डिकिन्सन म्हणून कॉलेजचाच एक खेळाडू, तो मिशिगन सोडून कॅन्ससला गेला तेव्हा 2023 मध्ये एका पॉडकास्टवर साधारण असंच म्हणाला होता की मला शिव्या देणाऱ्यांना दहा हजार डॉलर जास्त मिळाले तर ते आज नोकरी सोडतील. लोक केवढे चिडले त्याच्यावर. अरे दहा हजार कशाला, वर्क फ्रॉम होम तीनऐवजी चार दिवस मिळालं तरी सोडतो आपण.

बरं, निष्ठा निष्ठा करता तर कोचचं बोला ना. पिटिनोचंच घ्या, 1996 ला केंटकी कॉलेजला चॅम्पियन केलं, मग एनबीएत गेला, आणि 2001 मध्ये परत आला तो कुठे, तर केंटकीच्या हाडवैरी लुइव्हिलला! केंटकीवाल्यांसाठी याहून मोठं पाप नाही, आपल्याच रक्तातला माणूस भाऊबंदकीत पलीकडे जाऊन बसावा तसं. त्यालाही ट्रेटर म्हणाले, परत गेला तेव्हा त्यालाही बू केलं, हे मान्य. पण बू ऐकून तो माणूस कुठे पोचला? हॉल ऑफ फेममध्ये.

आणि आमचा शाहीन हॉलोवे, हाही कोचच. लाडका माणूस आहे, त्याच्याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही, पण लिहितोय. मार्च 2022, आम्ही तेव्हा जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला राहायचो, सेंट पीटर्स कॉलेज तिथून चालत. एवढंसं कॉलेज, शेजारी राहून आम्हाला त्यांची टीम आहे हे माहीत नव्हतं. एनसीएएच्या त्या मोठ्या स्पर्धेत 15 नंबरचं सीडिंग (16 जणांच्या गटात शेवटून दुसरे) आणि पहिल्याच मॅचला केंटकीला घरी पाठवलं, मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. 15 नंबरची टीम शेवटच्या आठात पोचायची ही इतिहासातली पहिलीच वेळ. आमच्या गल्लीतला वाणी, ज्याला बास्केटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही, तो पण गिऱ्हाइकांना स्कोअर सांगत होता. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाकडून हरले आणि आठवडा उलटायच्या आत कोच हॉलोवे सीटन हॉलला. त्याच्या मागोमाग केसी एनडेफो पण आमच्याकडे, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, बाकीचेही पांगले. आम्ही सीटन हॉलवाले काय म्हणालो? घरचा माणूस घरी आला! आता तो त्याच कॉलेजचा जुना खेळाडू, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. पण सेंट पीटर्सच्या पोरांना काय वाटलं असेल हा विचार तेव्हा मनाला शिवला पण नाही.

अजून एक सांगतो, मग तर आपण उघडेच पडतो. केडरी जायच्या एक वर्ष आधी, 2023 मध्ये, पिटिनो सेंट जॉन्सला आला आणि त्याने जुनी टीम जवळजवळ सगळी झाडून काढली. त्यातला डिलन अडाई-वुसू कुठे आला? आमच्याकडे. तीन वर्षं सेंट जॉन्सकडून खेळलेला पोरगा. त्याला कोणी गद्दार म्हणालं? आम्ही म्हणालो काय जिगर आहे, काय डिफेन्स आहे, खरा न्यू जर्सीचा वाटतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा आहे तो!

हो, मान्य आहे, दर ऑक्टोबरला टीम नवी, नावं पाठ होईपर्यंत पोरं गेलेली असतात, मजा कमी झालीये. माझ्या पोरीने मागच्या वर्षी विचारलं की बाबा आपला फेव्हरेट प्लेअर कोण, तर मला फोनमध्ये बघावं लागलं. आणि हेही मान्य की लहान कॉलेजांचं यात वाटोळं होतंय, ती घडवतात आणि मोठी कॉलेजं उचलून नेतात. (बघा, "आम्ही घडवायचं", परत तोच मॅनेजर बोलायला लागला माझ्या तोंडून.)

दुखतंच पण. खोटं कशाला बोलू. केडरी गेला त्या वर्षी आमच्या टीमने 32 पैकी 7 मॅच जिंकल्या. सात! आणि सेंट जॉन्सने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्टचा कप उचलला, 2000 नंतर पहिल्यांदा, आणि त्या फोटोत केडरी. बायकोने टीव्ही बंद केला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन फोनवर बघितलं. छान दिसत होता पोरगा, हसत होता. मला राग यायला हवा होता आणि आलाही, पण त्यातच कुठेतरी वाटलं की चला, तीन वर्षं आपल्याकडे घाम गाळला याने, कुठेतरी काहीतरी हाताला लागलं त्याच्या.

त्या शनिवारी आम्ही हरलोच, वाईट हरलो. लोक आधीच उठून जायला लागले, पण अण्णा हलेनात, लाह्या संपल्या नव्हत्या. परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीत डोकं टेकवून बसले होते, मी विचारलं कंटाळा आला का? म्हणाले, "नाही, खेळतो चांगला तो." कोण ते विचारायची गरज नव्हती. बाँडबद्दल ते काही बोलले नाहीत, कधीच बोलत नाहीत. मी पण नाही बोललो. रॉवेच्या आसपास कधीतरी त्यांना झोप लागली, कानटोपी डोळ्यांवर.

तर ग्रुपवरच्या माझ्या मित्रा, तू बू कर. मी पण करणार आहे, पुढच्या सीझनला सेंट जॉन्स न्यूअर्कला आलं की सगळ्यात मोठा भोंगा माझाच असेल, दोन तास त्यासाठीच तर तिकीट काढतो. पण मॅच संपली की घरी जा. बावीस वर्षांच्या पोराच्या इन्स्टाग्रामवर जाऊन त्याच्या आईला शिव्या घालू नको, आणि तो शब्द वापरू नको, निदान माझ्यासमोर तरी नको. त्या शब्दाची किंमत आमच्या घरी पन्नास हजार आहे. पावती अजून माझ्याकडे आहे, एच-वनच्या कागदांच्या फाइलीत सगळ्यात वर, शाई उडालीये पण आकडा दिसतो.

आणि हो, ती नव्या नोकरीची पार्टी अजून दिलेली नाहीस तू.