‘युरोपियन नंबर प्लेट चालते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गाड्यांच्या हौशी मंडळींत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचा नंबर खरा असेल आणि वाचता येत असेल, तर प्लेट जर्मन वळणाची असो वा इंग्लिश, पोलीस हात लावू शकत नाहीत. खाली पुरावे जोडलेले असतात. नियमात फक्त अक्षरांचं माप सांगितलंय, सरकारी प्लेटवरही निळं ‘आयएनडी’ असतंच, परदेशी गाडीच्या खाचेत देशी प्लेट बसत नाही, गोव्यात जर्मन नंबरच्या गाड्या राजरोस फिरतात, आणि अगदीच पकडलं तर पाचशे रुपयांत विषय संपतो. वर ‘माहिती असू द्या’.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ५१ वा नियम अक्षरांच्या मापाचा आहे, हे खरं. मोटारीसाठी उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांमधली जागा १०. नेहमीच्या जर्मन प्लेटवरचं अक्षर ७५ मिलिमीटर उंच असतं, म्हणजे ज्या नियमाचा दाखला दिलाय त्यातच ही प्लेट बसत नाही. पण संदेश लिहिणाऱ्याने त्याच्या आधीचा ५० वा नियम सोडून दिलाय, आणि खरी गोम तिथे आहे. नंबर कशावर, कुठे आणि कसा लावायचा हे तो सांगतो. हाय सिक्युरिटी प्लेट म्हणजे एचएसआरपी या नियमात २००१ साली आली. तिला आव्हान दिलं गेलं, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना उचलून धरली. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अधिकृत पुरवठादार नेमले आणि मोटारीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरवला. ‘वाचता येतं ना?’ एवढाच प्रश्न असता, तर हा सगळा खटाटोप कशाला केला असता?

आता ते निळं ‘आयएनडी’. एचएसआरपीवर युरोपियन प्लेटसारखा निळा पट्टा नसतोच. पांढऱ्या पाटीच्या डाव्या कडेला निळी अक्षरं असतात आणि त्यांच्या वर अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा क्रोमियमचा होलोग्राम. पाटी ॲल्युमिनियमची, अक्षरं ठसा मारून उठवलेली, खाली लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक. तो क्रमांक त्या गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो आणि पाटी बसते तीही तोडल्याशिवाय न निघणाऱ्या लॉकने. रेडियमवाल्याकडचा ‘आयएनडी’ स्टिकर लावून साधी प्लेट एचएसआरपी होत नाही. झेरॉक्सवर हाताने शिक्का काढावा, त्यातला हा प्रकार.

या मंडळींना जी युरोपियन प्लेट एवढी आवडते, ती तिकडे काय चीज आहे हेही बघा. निळा पट्टा, बारा पिवळे तारे आणि देशाचं अक्षर ही युरोपियन संघाने १९९८ च्या नियमाने मान्य केलेली खूण आहे. आपल्या गाडीवर ते तारे कुठल्या नात्याने आले? जर्मनीत प्लेट ठोकून देणारी खाजगी दुकानं असतात, अगदी नोंदणी कार्यालयाच्या दारात. पण दुकानातून निघालेली प्लेट नुसता पत्रा असते; कार्यालयाचा अधिकृत सील तिच्यावर लागला, की मग ती नंबर प्लेट. आणि ज्या अक्षरांवर आपल्याकडे लोक फिदा आहेत, ती मुद्दाम थोडी बेढब आखली आहेत, काळा रंग किंवा टेप लावून ‘पी’चा ‘आर’ किंवा ३ चा ८ करता येऊ नये म्हणून. बनावट रोखायला घडवलेलं वळण आपण हौसेच्या बनावट प्लेटवर मिरवतो. ब्रिटनमध्येही प्लेट नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते आणि तिच्यावर त्याचं नाव व पोस्टकोड छापलेला असतो. पुण्यात बनवलेली ‘जर्मन’ प्लेट म्युनिकमध्येही बेकायदाच ठरेल.

ब्रिटिश वळणाचं आणखी एक लफडं आहे. तिकडे मागची प्लेट पिवळी असते. आपल्याकडे पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक वाहन. खाजगी गाडीला हौसेने पिवळी पाटी लावलीत, तर कागदावर एक आणि पाटीवर दुसरंच.

खाचेचा मुद्दा लवकर संपतो. मोटारीसाठी ५०० बाय १२० आणि ३४० बाय २०० अशी दोन मापं आहेत. जर्मनीत प्लेट साधारण ५२० बाय ११० ची असते, त्यामुळे लांबट खाचेत दोन बोटं इकडेतिकडे होतील, एवढंच. गाडी आयात केलेली आहे म्हणून पाटीही परदेशी चालेल, अशी सूट नियमात नाही.

गोव्याचा पुरावा मात्र अर्धा खरा आहे. हरमल, आगोंदच्या बाजूला परदेशी नंबरच्या कॅम्पर व्हॅन दिसतात. पण त्या गाड्यांची नोंदणीच त्या देशातली आहे आणि त्या इथे पाहुण्या आहेत. कार्ने नावाच्या सीमाशुल्क हमीपत्रावर त्या येतात. २०२२ साली अशा पाहुण्या खाजगी वाहनांसाठी वेगळे नियम आले. त्यांनुसार मूळ नोंदणीपत्र, चालवण्याचा परवाना, विमा आणि पीयूसी गाडीत असावं लागतं, कागद इंग्रजीत नसतील तर अधिकृत भाषांतरही. भारतात स्थानिक प्रवासी किंवा माल वाहायचा नाही, हेही त्यात आहे. तुमची एमएच १२ किंवा जीए ०३ ची गाडी यात कुठे बसते?

‘मग मराठीतली प्लेट तरी?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यालाही उत्तर ५० व्या नियमातच आहे: अक्षरं इंग्रजी, आकडे 1, 2, 3 या वळणाचे, आणि नक्षीदार अक्षरं नकोत. ४१४१ चा ‘दादा’ करणाऱ्यांचीही पावती याच नियमाने फाटते. मराठीप्रेम म्हणून मला ते गोड वाटतं, पण नियम तिथे वेगळा होत नाही.

राहिला दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० पर्यंत, म्हणजे ‘एकदा भरला की सुटलो’ हे खरं नाही. शिवाय ही रक्कम नंबर तुमचाच असेल तेव्हाची. शोभेसाठी म्हणून दुबईची किंवा लंडनची, वेगळाच नंबर असलेली पाटी मूळ पाटीच्या जागी लावलीत, तर रस्त्यावर ती गाडी बिननंबरी आहे. आणि चलान चुकवायला दुसऱ्याच गाडीचा नंबर लावला, तर प्रकरण वाहतूक पोलिसांकडून फसवणूक आणि बनावटीच्या गुन्ह्यांकडे जातं. तिथे पावती फाडून घरी जाता येत नाही.