‘पायलटनेच पाडलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझा मावसभाऊ प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. गेल्या आठवड्यात मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला, ‘अहमदाबाद विमान अपघाताचं सत्य, जे कोणी सांगणार नाही’. तो वाचून तिने मुलाला फोन केला आणि विचारलं, “तुमच्यात अशी माणसं असतात का रे?” तो रात्रपाळीची फ्लाइट करून नुकताच घरी आला होता. त्याने काय उत्तर दिलं असेल ते असो, पण नंतर तो मेसेज त्याने मला पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता.

मेसेजमधले दावे असे: वैमानिकाने मुद्दाम इंधन तोडून विमान पाडलं, कॉकपिटमधलं शेवटचं बोलणं ‘लीक’ झालं आहे, टेकऑफला फ्लॅप (पंखांना जास्त उचल देणारे भाग) लावायला विसरले, देखभाल तुर्की कंपनीकडे होती म्हणजे घातपात, ब्लॅक बॉक्स अमेरिकेला देऊन पुरावा दाबला, बोईंगचे स्विच सदोष होते, आणि 11ए ही सीट माणसाला वाचवते. पहिला आणि सहावा दावा एकाच वेळी खरा कसा असेल, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नाही. पाठवणाऱ्यांनाही नाही.

मी ज्याच्या आधारावर बोलते आहे तो कागद सर्वांना उपलब्ध आहे. 12 जून 2025 ला एअर इंडियाचं एआय 171, बोईंग 787-8, अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालं आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 पैकी 241 जण आणि जमिनीवरचे 19 जण गेले. बरोबर एक महिन्याने एएआयबीने, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, 15 पानांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. पंधरा पानं वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढाही वेळ न देता मेलेल्या माणसाला खुनी ठरवणं मला सहन होत नाही.

आता तो पहिला दावा.

अहवालात जे आहे ते आधी स्पष्ट सांगते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. दुपारी 1 वाजून 38 मिनिटं 39 सेकंदांनी विमानाने जमीन सोडली. तीनेक सेकंदांत त्याने 180 नॉट वेग गाठला आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, ‘रन’वरून (इंधन चालू) ‘कटऑफ’वर (इंधन बंद) गेले. ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की तू इंधन का तोडलंस. दुसरा म्हणतो, मी तोडलं नाही. साधारण दहा सेकंदांनी पहिला स्विच आणि त्यानंतर चार सेकंदांनी दुसरा पुन्हा ‘रन’वर आला. दोन्ही इंजिनं परत पेटू लागली होती, पहिलं तर सावरायलाही लागलं होतं. पण उंचीच नव्हती. जमीन सोडल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात रेकॉर्डर थांबले.

एवढंच. कोणता आवाज कोणाचा, हे अहवाल सांगत नाही. स्विच कोणी हलवले, हेही सांगत नाही. ‘मुद्दाम’ या अर्थाचा एकही शब्द त्यात नाही. मेसेजमध्ये मात्र कॅप्टनचं नाव आहे, त्याच्या मनःस्थितीचं वर्णन आहे, घरातल्या दुःखाची उजळणी आहे. हे कुठून आलं? कॅप्टनकडे बोट दाखवणारी बातमी जुलैत वॉल स्ट्रीट जर्नलने निनावी सूत्रांच्या हवाल्याने दिली. त्यावर खुद्द अमेरिकेच्या एनटीएसबीच्या, म्हणजे तिथल्या अपघात तपास यंत्रणेच्या, अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी अशा बातम्या घाईच्या आणि तर्कावर आधारलेल्या आहेत असं जाहीर सांगितलं. मेसेजात त्या बातमीवर आणखी मालमसाला चढला, आणि होमंडींचं म्हणणं तेवढं गळालं.

अहवालात याच दोघांबद्दल आणखीही काही नोंदी आहेत, त्या कोणी फॉरवर्ड करत नाही. दोघांना पुरेशी विश्रांती मिळाली होती, ब्रेथ ॲनालायझरची चाचणी झाली होती आणि दोघं उड्डाणासाठी तंदुरुस्त होते. कॅप्टनचे उड्डाणाचे तास 15,000 हून जास्त, त्यातले 8,500 हून अधिक याच जातीच्या विमानावर.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. वैमानिकाने जाणूनबुजून विमान पाडल्याचं जगात घडलेलं आहे. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टनला कॉकपिटबाहेर ठेवून विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं, 150 जण गेले. पण तिथे पुरावा होता: आतून बंद ठेवलेलं दार, उंची कमी करण्यासाठी स्वतः फिरवलेली सेटिंग, त्याच दिवशी आधीच्या फ्लाइटमध्ये केलेली तालीम, डॉक्टरांचे कागद. एआय 171च्या अहवालात असं काहीही नाही. उलट इथे कोणीतरी दोन्ही स्विच परत चालू केले आणि त्यानंतर मेडे, म्हणजे रेडिओवरून संकटाचा इशारा, दिला.

आणि ‘आपोआप झालं’ आणि ‘मुद्दाम केलं’ या दोनच शक्यता असतात असं समजणाऱ्यांनी 1987 ची एक घटना वाचावी. डेल्टाचं बोईंग 767 लॉस एंजेलिसहून उडालं, आणि कॅप्टनने दुसरंच काही बंद करायला जाऊन दोन्ही इंजिनांचं इंधन तोडलं. समुद्राच्या जवळ जाईपर्यंत इंजिनं सुरू झाली आणि सगळे वाचले. फेब्रुवारी 2015 मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाच्या वैमानिकाने बंद पडलेल्याऐवजी चालू इंजिन बंद केलं, 43 जण गेले. त्या दोघांना कोणी खुनी म्हटलं नाही, कारण तपास पुरा झाला आणि चूक ही चूक म्हणून समजली. अहमदाबादला तसंच झालं असं मी म्हणत नाही. रेकॉर्डरवर स्विचची स्थिती नोंदली जाते, हात नोंदला जात नाही आणि मनातलं तर नाहीच. या स्विचला दोन्ही बाजूंनी आडोसा असतो आणि ते उचलून मगच हलवावे लागतात, म्हणून सहज धक्का लागला असेल हेही पटत नाही. तो प्रश्न उघडा आहे. उघड्या प्रश्नात एखाद्याचं नाव भरून ते भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं नसतं.

कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 7 नोव्हेंबरला न्यायालयाने त्यांना सांगितलं की अहवालात तुमच्या मुलावर ठपका नाही, हे ओझं मनावर बाळगू नका. मुलाचे अंत्यसंस्कार केलेल्या बापाला हे ऐकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. ती पायरी अशाच मेसेजांनी त्यांना चढायला लावली.

‘लीक’ झालेलं संभाषण तर निव्वळ बनावट आहे. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सहसा उघड करायचं नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि अहवालातही फक्त वर सांगितलेल्या दोन वाक्यांचा सारांश आहे. ‘थ्रस्ट मिळत नाहीये, खाली चाललोय’ अशी वाक्यं घालून बनवलेला मेडेही तसाच. अहवालात नुसतं मेडे, मेडे, मेडे आहे. नियंत्रकाने कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) विचारला, उत्तर आलं नाही, आणि त्याने विमान कोसळताना पाहिलं. त्यात स्वतःच्या मनाची वाक्यं घालणारा माणूस कसा असेल, मला कल्पना करवत नाही.

फ्लॅप: अवशेषांत फ्लॅपचा दांडा 5 अंशांवर, म्हणजे टेकऑफला हवा तिथेच सापडला. दावा संपला.

तुर्की: त्या कंपनीशी करार 777 विमानांपुरता होता आणि हे विमान 787. तुर्की सरकारने हे दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं होतं. मेसेज अजून फिरतोय.

ब्लॅक बॉक्स: या विमानात दोन रेकॉर्डर होते. पुढच्या रेकॉर्डरची माहिती दिल्लीत एएआयबीच्या प्रयोगशाळेत काढली गेली. मागचा इतका जळाला होता की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काही निघालं नाही. अमेरिकी तपासनीस आले, कारण विमान बनवणाऱ्या देशाला तपासात जागा देणं हा नियम आहे. ब्रिटिशही होते. त्याला ताबा म्हणत नाहीत.

सदोष स्विचच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारणार नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, एक सूचना काढली होती: काही 737 विमानांत या स्विचचं लॉक निष्क्रिय असतानाच स्विच लावले गेले होते, आणि तशाच रचनेचे स्विच 787 वरही होते. सूचना सक्तीची नव्हती, म्हणून एअर इंडियाने तपासणी केली नव्हती. हे अहवालातच आहे आणि त्याबद्दल जाब विचारायलाच हवा. पण स्विच असलेलं थ्रॉटल मॉड्यूल (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांचा संच) या विमानात 2019 आणि 2023 मध्ये बदललं होतं आणि 2023 नंतर स्विचची एकही तक्रार नोंदलेली नाही. अपघातानंतर डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या, आदेशाने एअर इंडियाने आपल्या विमानांची तपासणी केली तेव्हाही लॉकमध्ये दोष आढळला नाही.

राहता राहिली 11ए. वाचलेला एकमेव प्रवासी तिथे बसला होता आणि ती सीट आपत्कालीन दाराजवळ होती, हे खरं. दुसऱ्या जातीच्या विमानात 11ए दारापासून कितीही लांब असू शकते. 1998 मध्ये थायलंडच्या अपघातातला एक प्रवासीही 11ए वरच होता, म्हणून मेसेज त्याला चमत्कार म्हणतो. त्या अपघातात 45 जण वाचले होते. बाकीच्या 44 जणांच्या सीटचे नंबर मेसेजमध्ये नाहीत.