दमणचा दाखला देण्याआधी

ठाणे जिल्ह्याचे आणखी तुकडे करा, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती दमणची सहल झाली की हमखास येते. मंडळी शनिवारी पहाटे घोडबंदर रोडने निघतात, फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर अहमदाबाद हायवेला लागतात, वापीहून दमणला पोचतात. परतताना त्याच घोडबंदरच्या कोंडीत बसून चुलतभाऊ टाइप करतो, ‘‘जिल्हा छोटा असला की बघा कसा चकाचक राहतो! आपल्याकडे सहा महापालिका एका कलेक्टरच्या गळ्यात.’’

दमण ७२ चौरस किलोमीटरचं आहे हे खरं. मी राहतो ते इंग्लंडमधलं लेस्टर शहर साधारण तेवढंच. पण दमणचं पोट आकारावर भरलेलं नाही, हद्दीवर भरलंय. पलीकडे जे महाग किंवा बंद, ते अलीकडे स्वस्त आणि खुलं, हा तिथला जुना धंदा.

पोर्तुगीजांनी दमण १५५९ मध्ये घेतलं. तेव्हा वसई आणि ठाणंही त्यांचंच होतं. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर उत्तरेकडे त्यांच्या हाती दमण आणि दीव एवढंच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दमण जगलं ते माळव्याच्या अफूवर. कंपनी सरकारचा कर चुकवून ही अफू कराचीमार्गे दमणला यायची आणि तिथून जहाजाने मकावला जायची. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि धंदा बसला. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले (दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही), पण दमण गुजरातेत न जाता केंद्रशासित झालं, त्यामुळे हद्द राहिली. मग चोरटं सोनं आलं. तिन्ही बाजूंनी गुजरातची दारूबंदी, म्हणून बार आले. नंतर कारखान्यांना विक्रीकर आणि आयकरात वर्षानुवर्षं सूट मिळाली, म्हणून प्लास्टिक आणि औषधांचे कारखाने आले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराचा फायदा संपला. दारू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे ती अजून स्वस्त. चुलतभावाला हे वेगळं सांगायला नको.

छोटेपणाची किंमत नगर हवेलीत मोजावी लागली. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये महसुलाची गावं कबूल केली, कारण मराठ्यांच्या आरमाराने त्यांचं एक जहाज पकडलं होतं. ती गावं म्हणजे नगर हवेली. दमणपासून तुटलेली, मध्ये परका मुलूख. १९५४ मध्ये आपली माणसं, त्यांत सुधीर फडकेही होते, ती सोडवायला गेली तेव्हा दमणहून कुमक येऊच शकली नाही, कारण भारताने वाट अडवली. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. १९६० च्या निकालात माणसांना आणि मालाला वाटेचा हक्क मान्य झाला, फौजेला नाही. शेवटी २०२० च्या २६ जानेवारीला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्याचा दाखला आपण देतो, तेच असं जोडलं गेलं.

आता माझे शेजारी. नानी दमणचे एक भाई, सँडविच भरण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. १९६१ च्या मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. भाईंनी वडिलांच्या जन्माची जुनी नोंद शोधून लिस्बनला पाठवली, मग स्वतःची. ब्रेक्झिटच्या आधी त्या तांबड्या पासपोर्टावर इथे आले. पोर्तुगीज भाषा येत नाही, घरात गुजराती. लेस्टरमध्ये दमण-दीवची अशी कित्येक घरं आहेत. आणि भाईंच्या वाडीत? तिथे ओळीने खोल्या बांधल्यात, ओडिशा-बिहारचे कारखान्यातले कामगार भाड्याने राहतात. पाळी बदलली की त्याच गादीवर दुसरा झोपतो. २०११ च्या जनगणनेत दमण जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ५३४ स्त्रिया होत्या, तो आकडा मुख्यतः या एकट्या आलेल्या बाप्यांचा. तिथली माणसं रोजगारासाठी इथे, दुसरीकडची माणसं रोजगारासाठी तिथे. हे ‘चकाचक’ कुणाचं, एवढं तरी विचारायला हवं.

इथेही हाच वाद जोरात आहे. शेजारचा रटलंड हा इंग्लंडचा चिमुकला परगणा. १९७४ मध्ये तो लेस्टरशरमध्ये विलीन केला, लोक वीस-बावीस वर्षं कुरकुरले, १९९७ मध्ये परत वेगळा झाला. आता सरकारला पुन्हा लहान कौन्सिलं एकत्र करायची आहेत. लेस्टर शहराला हद्द वाढवायची आहे, आजूबाजूच्या गावांना ती नकोय. मात्र इथली भांडणं मी ऐकतो ती कचरा कोण उचलणार, म्हाताऱ्यांच्या देखभालीचा खर्च कोण देणार, कौन्सिल टॅक्स किती वाढणार यावर. मुख्यालय कुठे, याला त्यात फार जागा नसते.

आपल्याकडे जिल्हा कापणं नवं नाही. ठाण्यातून १८६९ मध्ये कुलाबा गेला, १९२० मध्ये मुंबई उपनगर, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर. पालघरच्या वेळी निम्मा वाद मुख्यालय जव्हारला की पालघरला यातच गेला. एक कोटी दहा लाख लोकसंख्येचा जिल्हा एका कार्यालयातून चालवणं वेडेपणाच होता, त्यामुळे ते विभाजन मला मान्य आहे. पुढच्या विभाजनात मात्र शहरं आपापली बाजूला होणार आणि उरणार शहापूर, मुरबाड. भातसा आणि तानसा ही धरणं शहापुरात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर शहापूरच्याच पाड्यांवर. तेव्हा ग्रुपवर नवा नकाशा टाकणाऱ्याने त्यात आधी भातसा कुठल्या जिल्ह्यात दाखवलाय ते सांगावं, आणि त्या जिल्ह्याच्या तिजोरीत पैसे कुठून येणार तेही.