‘पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जीलिबसी आणि मसल या लिनक्सवरच्या दोन वेगळ्या सी लायब्ररी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्राम ज्यावर उभा असतो तो पाया. विकत घेतलेली बंद (सोर्स कोड न मिळणारी) लायब्ररी जीलिबसीवर बांधलेली असेल, तर ती मसलवर, म्हणजे अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनर इमेजमध्ये, चालेलच असं धरून चालू नका, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही जीकॉम्पॅट, म्हणजे जीलिबसीचे प्रोग्राम मसलवर चालवायला मदत करणारा थर, सुचवून लिहिलंत, "जीकॉम्पॅट टाका, पाच मिनिटांचं काम आहे. लेखकाने प्रॉडक्शन कधी पाहिलेलं दिसत नाही."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मसलमध्ये थ्रेडचा (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामाचा) डीफॉल्ट स्टॅक, म्हणजे त्याला मिळणारी कामापुरती मेमरी, ८० केबी असतो असं मी लिहिलं होतं. तो आकडा जुना, मसलच्या १.१.२१ व्हर्जनपासून १२८ केबी आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण ते दुसरं वाक्य? ओळख ना पाळख, आणि समोरच्याच्या कामावर शेरा मारून मोकळे! अहो, चौदा वर्षं सर्व्हर सांभाळतोय मी. रात्री दोनला फोन आला की उठून बसणारा माणूस आहे.

तुमचं जीकॉम्पॅट मी टाकून पाहिलेलं आहे. पैसे मोजून घेतलेली पीडीएफची लायब्ररी होती. सोर्स नाही, नुसती डॉट एसओ (तयार बांधलेली लायब्ररी) फाइल. अल्पाइनवर पहिल्याच झटक्यात ‘एरर रिलोकेटिंग’, आणि ओळीच्या शेवटी ‘मेमसीपीवाय-सीएचके: सिम्बॉल नॉट फाउंड’. हे फंक्शनचं नाव जीलिबसीचं; फोर्टिफाय (मेमरीच्या चुका पकडणारी जादा तपासणी) चालू असलं की कंपायलर ते घालतो, मसलमध्ये ते नाही. जीकॉम्पॅट टाकलं, नाव सापडलं, प्रोग्राम उठला. तुमची पाच मिनिटं इथे संपतात.

दोन-चार पानांची बिलं नीट निघत होती. महिनाअखेरीला दोनशे पानांचं स्टेटमेंट आलं आणि सेगफॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्राम जागीच बंद. जीडीबी हा डीबगर लावून पाहिलं, तर थ्रेड त्या लायब्ररीनेच उघडलेला आणि त्याचा स्टॅक संपलेला. जीलिबसीवर त्याच थ्रेडला सहसा ८ एमबी मिळतात. जीकॉम्पॅट नावं पुरवतं, हा फरक कुठून भरून काढणार? मुख्य प्रोग्राम पुन्हा लिंक करून स्टॅक वाढवता येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यानंतर काय निघेल, हे सोर्स हातात नसताना कोण सांगणार? कंपनीचं उत्तर एका ओळीचं: मसलला आमचा सपोर्ट नाही. शेवटी डेबियनच्या इमेजवर गेलो. इमेज फुगली, पण सेगफॉल्ट थांबला.

स्टॅटिक लिंकिंगचं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्याच फाइलमध्ये भरून टाकण्याचं म्हणाल, तर त्यासाठी कंपनीने लायब्ररीची डॉट ए फाइल द्यावी लागते. ती मिळत नाही, विषय संपला. बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही.

लायब्ररी विकणाऱ्याने ती कोणत्या सी लायब्ररीवर आणि कोणत्या व्हर्जनवर तपासली आहे ते लिहून द्यावं, ही माझी मागणी होती. जीलिबसी २.३४ वर बांधलेली फाइल जीलिबसी २.१७ असलेल्या सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर अडकते, तिथे तर मसलचा संबंधही नाही. ही मागणी चूक कशी, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. ते लिहा, मी उत्तर देईन.